धावपट्टीवरची पावलं

माझ्या मामाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्यावर जन्मभर खार खाऊन आहे. तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, युद्धाच्या काळात, विमानतळाच्या धावपट्टीवरून पळून गेला. निदान आमच्या घरात तसंच सांगायचे. बॉम्ब पडायला लागले, मामा ओल्या काँक्रीटवरून धावत सुटला, कुंपण ओलांडलं आणि गेला तो गेलाच. मागे विधवा आई, लहान बहीण, आणि हा पठ्ठ्या गायब. ना पत्र, ना निरोप. त्याची म्हणून उरली ती फक्त बुटांची पावलं, काँक्रीटमध्ये उमटलेली, कुंपणाच्या दिशेने गेलेली.

माझी आजी त्या पावलांवर जगली. तिने मरेपर्यंत दाराला आतून कडी लावू दिली नाही. थंडी असो, चोरांची बोंब असो, दार नुसतं लोटलेलं. जेवायला बसलं की एक ताट जास्तीचं. त्या ताटात वाढलेलं शेवटी गारढोण होऊन माझ्याच पुढ्यात यायचं, म्हणून तर माझा मामावर पहिला राग. पुढे कळायला लागलं तसा राग वाढत गेला. अरे, आईला असं ताटकळत ठेवणारा माणूस तो माणूस का? आजी गेली तेव्हा मी शाळेत होतो. शेवटच्या दिवशी ती आईला "आला का गं?" एवढंच विचारत होती. आई म्हणाली, "येतोय, वाटेत आहे." मला तेव्हाही वाटलं होतं, काय ही थापा मारते!

त्या विमानतळाचं सांगायचं तर आधी तिथे सगळी शेतं होती. युद्ध पेटलं, सरकारी माणसं आली, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि ज्यांची शेतं होती त्यांनाच त्या शेतांवर खडी पसरायला लावलं. पुरुष दगड फोडायचे, बायका टोपल्या वाहायच्या. नवीन काँक्रीटवर ओलं गोणपाट पसरून त्यावर सतत पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. ते काम लहान मुलींना द्यायचे, कारण मुली वजनाला हलक्या. फळीवरून जायचं, पाणी शिंपडायचं, फळीवरूनच मागे यायचं. काँक्रीटवर पाय पडला तर पाठीत धपाटा. माझी आई त्या मुलींपैकी एक. मामा काँक्रीट कालवायच्या यंत्रावर होता, म्हणजे तसं मानाचं काम. आई सांगते, तो यंत्राशी गप्पा मारायचा, बंद पडलं की त्याला शिव्या घालायचा, आणि यंत्र चालू व्हायचं.

हल्ला एकदाच झाला, भर दुपारी. कालवायच्या यंत्राजवळ बॉम्ब पडला. तिथे जे होते त्यांचं काही हाती लागलं नाही. मामाचंही नाव त्या मेलेल्यांत आलं असतं, पण काही दिवसांनी पावलं सापडली.

युद्ध संपलं आणि विमानं जशी आली तशी निघून गेली. मग लोकांनी विमानतळ खाल्ला. पत्रे नेले, तारा नेल्या, खिडक्यांच्या चौकटी नेल्या. मोठ्या हँगरमध्ये काही वर्षं धान्याचं गोदाम होतं, पुढे तेही बंद पडलं. टेहळणीच्या मनोऱ्याचा लोखंडी जिना कोणीतरी कापून नेला, त्यामुळे वरची खोली नुसती लटकलेली, तिथे घुबडं राहतात. विमानं लपवायला घातलेले मातीचे उंच बांध अजून आहेत, त्यांच्या आडोशाला शेळ्या बसतात. विमानं बांधायच्या लोखंडी कड्या गंजून काँक्रीटला चिकटल्यात. धावपट्टीवर गावातली पोरं गाडी चालवायला शिकली, मीही तिथेच शिकलो. आणि धावपट्टीच्या टोकाला जमिनीखालचा निवारा होता, हल्ल्याच्या वेळी लपायचा. त्याच्या पायऱ्या हिरव्यागार पाण्यात उतरायच्या आणि पुढे काही दिसायचं नाही.

आई आम्हाला, म्हणजे मला आणि ताईला, दरवर्षी तिथे न्यायची. आजी असताना आजी पुढे, आम्ही मागे. आजी पावलांपाशी बसून त्यांच्यातली माती बोटाने काढायची. आई मात्र आधी निवाऱ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, पाण्याकडे बघत. मी म्हणायचो, "आई, बेडकांशी गप्पा मारतेस का?" ती म्हणायची, "चल, गप्प." आजी गेल्यावरही आईने तिथे जाणं सोडलं नाही, आणि आधी निवाऱ्याशी थांबणंही सोडलं नाही.

माझा धंदा फोडायचा. जुने पूल, पाण्याच्या टाक्या, धोकादायक इमारती, जे पाडायचं ते आम्हाला सांगायचं. यंदा विमानतळाची जागा एका गोदामवाल्याने घेतली आणि धावपट्टी उखडायचं काम आमच्याच टोळीकडे आलं. नशीब बघा! पहिल्याच आठवड्यात आम्ही तो निवारा मलब्याने भरला, कारण गाडी आत गेली तर कोण निस्तरणार. वरून रोलर फिरवला, जमीन सपाट केली. मग धावपट्टीला हात घातला. उखडायचं, तुकडे करायचे, तुकडे क्रशरमध्ये, त्याची खडी.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं ताईचं आणि माझं ठरलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर आले की तिच्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघायचे, त्यावरून काय ते कळत होतं. पण शेजारीण भेटायला आली आणि सगळं ओकून गेली. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकतो तोच आई म्हणाली, "धावपट्टी फोडतोस म्हणे."

"पोटासाठी फोडतो. हौस नाही मला."

"पावलांपर्यंत पोचलात?"

"अजून नाही."

"ती मला घरी आणून दे. अख्खी. मी मरायच्या आत."

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ताईचा स्वभाव माझ्यासारखाच, किंबहुना वरचढ. "अगं, ती काय रांगोळी आहे का कागदावर उचलून आणायला? काँक्रीट आहे ते. आणि आणून ठेवायचं कुठे, तुझ्या उशाशी?"

"अंगणात ठेवा," आई म्हणाली. "मला एकदा त्यांच्यापाशी बसायचंय. मग मी मोकळी."

मी आतून पेटलो. जन्मभर ज्याने आमच्या घराला छळलं, त्याच्या बुटांचे ठसे मी टेम्पोत घालून मिरवत आणायचे? हातपाय धुताना ताईला म्हणालो, "मी नाही आणणार."

ताई म्हणाली, "आणशील. मुकाट्याने आणशील. तिने आयुष्यात कधी काही मागितलंय का आपल्याकडे?"

ते खरं होतं. आईने स्वतःसाठी कधी साडीसुद्धा मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला विचारलं. तो पान खाणारा, तोंड भरलेलं असलं की हाताने बोलणारा माणूस. त्याने हाताने विचारलं, काय वेड लागलंय का? मग थुंकून आला आणि म्हणाला, "न्या की. पण सुट्टीच्या दिवशी. सोमवारी त्या पट्ट्यावर मशीन लागणार, तेव्हा मला आत्याबाईची पावलं, मामाची पावलं काही सांगायचं नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी आणि लंबू गेलो. लंबू म्हणजे आमचा क्रेनवाला, क्रेनमध्ये बसला की गुडघे कानाला लागतात इतका उंच. फुकटात यायला तयार झाला, वर म्हणाला, "दादा, तुमच्या मामाला क्रेनने उचलायचं भाग्य माझं." मी म्हणालो, "तोंड बंद ठेव आणि साखळ्या आण."

धावपट्टीवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. अर्धी उखडलेली, अर्धी तशीच. पावलं कुंपणाजवळच्या कडेला होती. मी झाडूने ती साफ केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक कामगार म्हणून त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी नुसता रागाने बघायचो. बुटाच्या टाचेला एक मोठा खिळा होता, त्याचा खड्डा प्रत्येक उजव्या पावलात. ठसे खोल, स्पष्ट. आणि जवळजवळ. इतके जवळजवळ की मी उठून त्यांच्या शेजारी चालून पाहिलं. पळणारा माणूस लांब टांगा टाकतो, त्याची पुढची बोटं रुततात, मागे काँक्रीट उडतं. इथे तसलं काही नव्हतं. हा माणूस पळाला नव्हता. सावकाश, एक एक पाऊल टेकवत गेला होता.

"काय झालं?" लंबूने विचारलं.

"काही नाही. कटर दे."

चारी बाजूंनी कापलं. पाणी मारत, धूळ बसवत, पाती बदलत. ती लादी खालून सोडवायला आम्ही पहारी घातल्या आणि घोडं तिथेच अडेल असं वाटलं होतं, कारण धावपट्टीचं काँक्रीट खाली जाडजूड असतं. पण ती चक्क सुटली. खणकन आवाज झाला आणि वरचा थर वेगळा झाला. क्रेनने उचलला, आणि मी खाली वाकून बघितलं.

खाली धावपट्टी नव्हतीच. खाली खड्डा होता, भरलेला. काळी जळकी माती, जुन्या काँक्रीटचे फुटके तुकडे, वितळून गोळा झालेला पत्रा, आणि एका कडेला दात असलेलं लोखंडी चाक, अर्धं वाकलेलं. असलं चाक कशाचं असतं ते मला कोणी सांगायला नको. काँक्रीट कालवायच्या यंत्राचं.

मी तिथेच मातीवर बसलो. म्हणजे बॉम्ब इथे पडला होता. खड्डा नंतर बुजवला, त्यावर घाईघाईने काँक्रीट ओतलं, आणि पावलं त्या काँक्रीटवर होती. हल्ल्यानंतरच्या काँक्रीटवर. म्हणजे हल्ला होऊन काही दिवस लोटल्यावर मामा जिवंत होता. चालत होता. आणि यंत्रावरची माणसं रबरी बूट घालतात, कारण सिमेंट चामडं खातं. आपले चांगले बूट शेडमध्ये खुंटीला टांगतात. आम्हीही तेच करतो. म्हणजे याने शेडमध्ये जाऊन घरचे बूट काढले, पायात चढवले, नाड्या बांधल्या, आणि निवांत, रमतगमत चालता झाला. त्याची आई घरी ऊर बडवत असताना!

"तुमचा चेहरा असा का झाला?" लंबू म्हणाला. "पाणी प्या."

मी पाणी प्यायलो नाही. मी त्या मामाला अशा शिव्या दिल्या की लंबूसारखा माणूस दुसरीकडे बघायला लागला.

लादी टेम्पोत घालून घरी आणली. लंबूने मागोमाग क्रेन आणून शेजारच्या दोघांच्या मदतीने ती अंगणात उतरवली, भिंतीला न टेकवता आडवी ठेवली. वाटेत मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. म्हातारीचे शेवटचे दिवस. तिला तिचा भाऊ घाबरून पळालेला राहू दे, तेवढं तरी माणसासारखं आहे. आम्ही आईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. वजन काही उरलंच नव्हतं तिला. ताईने तिच्या अंगावर शाल घातली. आई पावलांकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर असं काही मऊ आलं की माझं डोकं सटकलं. तोंडाचा ताबाच सुटला.

"बघ, डोळे भरून बघ! तुझा भाऊ पळाला नव्हता. खड्डा भरल्यावर गेला तो. हल्ल्यानंतर. घरचे बूट घालून, आरामात चालत गेला. धडधाकट होता आणि घरी फिरकला नाही. आजीने कोणासाठी दार उघडं ठेवलं, कळलं का आता?"

"अरे, लाज वाटते का तुला?" ताई माझ्यावर धावून आली. "ही काय वेळ आहे?"

आई मात्र दचकली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. म्हणाली, "माझ्या चपला काढ गं."

ताईला समजेना. पण तिने वाकून चपला काढल्या. आईने खुर्चीच्या दांड्याला धरून पाय पुढे सरकवला. सुकलेला, नखं जाड झालेला, लहानसा पाय. तो तिने उजव्या पावलाच्या ठशात ठेवला. ठशात चारी बाजूंना जागा उरली.

"मला मोठे व्हायचे ते," ती म्हणाली. "आत चिंध्या कोंबल्या होत्या, तरी निसटायचे. उचलतासुद्धा येईनात, इतके जड. म्हणून पावलं जवळजवळ पडली."

ताई चपला हातात घेऊन तिथेच बसली. लंबू टेम्पोजवळ उभा होता, तो हळूच फाटकाबाहेर गेला.

"बूट शेडमध्ये खुंटीला होते," आई सांगत होती, आम्हाला नाही, त्या लादीला सांगावं तशी. "सगळं जळलं, शेड तेवढी राहिली. मी ते परकराखाली लपवून आणले. आईला द्यायचे होते. पण बूट दिले असते म्हणजे तो रबरी बुटातच गेला हे पक्कं झालं असतं. आई काही खात नव्हती, पाणीसुद्धा घेत नव्हती. मला वाटलं, हीपण आता जाणार, आणि मी एकटी राहणार. मी किती होते, एवढीशी! खड्डा बुजवून नवीन काँक्रीट घातलं, पाणी मारायला मीच होते. दुपारी सगळे जेवायला गेले. मी बूट घातले आणि कुंपणापर्यंत चालले. वर गोणपाट टाकलं."

"आणि तेव्हाच्या मुकादमाने काही केलं नाही?" मी विचारलं.

"गोणपाट काढेपर्यंत कडक झालं होतं. घाई होती, विमानं उतरायची होती. मी आईला हाताला धरून नेलं. म्हटलं, हे बघ, दादा इथून गेला. ती तेव्हा कामावर येत नव्हती, कुठलं काँक्रीट कधीचं ते तिला काय माहीत. तिने खिळा ओळखला. त्या दिवशी जेवली ती." आई थांबली. तिला धाप लागली होती. "मला वाटलं होतं, चार दिवस. चार दिवस जेवेल, सावरेल, मग सांगू. पण ती ताट वाढायला लागली. मग कसं सांगणार रे? रोज वाटायचं, आज सांगू. ती जाईपर्यंत वाटत राहिलं."

ताई रडत होती. मी रडत नव्हतो, मला ते जमत नाही. ज्याला मी उभ्या आयुष्यात एक चांगला शब्द दिला नाही, तो बिचारा यंत्रापाशीच संपला होता. माझ्यासारखाच काम करता करता. त्याच्या यंत्राचं चाक सकाळी मी पायाने बाजूला लोटलं होतं.

"बूट कुठे गेले मग?" ताईने विचारलं.

आई वाकली. टाचेच्या ठशातल्या त्या खड्ड्यात बोट घातलं आणि फिरवत राहिली. "हा खिळा त्याने स्वतः ठोकला होता. ठोकताना अंगठा चेचून घेतला, मी हसले म्हणून मला मारलं." मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती मोठ्याने रडली. नव्वदीची बाई लहान मुलीसारखी रडताना मी तोवर पाहिली नव्हती. "बुटांना काँक्रीट लागलं होतं रे. घासून निघेना. आईने पाहिले असते तर सगळं उघडं पडलं असतं. मी ते निवाऱ्याच्या पाण्यात टाकले. त्याची तेवढी एकच खरी वस्तू होती घरात, ती मी टाकली. सगळ्यांना खोटी पावलं दिली आणि खरे बूट बुडवले."

ताईने तिला कुशीत घेतलं. मग आईने शालीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"तो निवारा आहे ना रे अजून? तुम्ही धावपट्टीच फोडताय ना?"

ताईने मान वर केली. निवारा भरल्याच्या दिवशी मीच तिला जेवताना सांगितलं होतं, किती मलबा लागला, रोलर कसा फिरवला.

"आहे," मी म्हणालो.

"पाणी आहे त्यात?"

"आहे, आई. होतं तसंच आहे. पायऱ्यांपर्यंत."

"मग बूट असतील तिथेच. चामडं चांगलं होतं त्याचं." तिने डोळे मिटले. "मला जरा बरं वाटलं की एकदा घेऊन चल."

"नेतो की," मी म्हणालो. "या आठवड्यात बरी हो, मग नेतो."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि आईची शाल नीट केली. मी आईचा पाय त्या ठशातून उचलला, तळव्याची धूळ झटकली आणि तिच्या पायात चपला घातल्या.